डॉक्टर बॉम्बे आणि चोरटा आनंद

स्वीडनच्या दक्षिण टोकाला असलेल्या माल्म्यो शहरात १९६३ साली जन्मलेल्या यॉनी याकोबसेन या गायकाने १९९८ साली भारतीय वेश चढवला, ‘डॉक्टर बॉम्बे’ असे नाव घेतले आणि भारतीय माणूस इंग्रजी कसे बोलतो याविषयी युरोपात रूढ असलेल्या समजुतीबरहुकूम सोंगी उच्चारांत गायलेला ‘राइस अँड करी’ हा अल्बम बाजारात आणला. ज्या शहराचे नाव त्याने उचलले ते तीन वर्षांपूर्वीच, १९९५ साली, अधिकृतपणे मुंबई झाले होते; परंतु या अल्बमला खऱ्या शहराशी फारसे कर्तव्यच नव्हते. टॅक्सी, वाघ, भात आणि रस्सा एवढ्या सामग्रीवर उभी असलेली ही गाणी अभिरुचीच्या रूढ कसोट्यांवर उथळ ठरतात, आणि तरीही ती एकदा सुरू झाली की बंद करवत नाहीत. त्यांतून मिळणारा आनंद खरा आहे आणि तो घेताना वाटणारा संकोचही खरा आहे. मात्र दोहोंची कारणे निराळी आहेत आणि ती वेगळी काढल्याशिवाय या अल्बमचे योग्य मूल्यमापन होऊ शकत नाही.

ज्या प्रकारात हा अल्बम मोडतो तो युरोडान्स, म्हणजे १९८० च्या दशकाच्या अखेरीस युरोपात घडलेला नृत्यसंगीताचा प्रकार, ज्यात सिंथेसायझर या विजेवरच्या वाद्यावर वाजणारी छोटी धून, जलद लय आणि चटकन पाठ होणारे धृपद यांचा मेळ असतो. गॉथेनबर्गचा एस ऑफ बेस हा चमू, नायजेरियात जन्मलेला आणि दंतवैद्यकाचे शिक्षण घेतलेला डॉक्टर अल्बान, स्टॉकहोममध्ये १९९२ साली निघालेला शेरॉन स्टुडिओ आणि त्याचा प्रमुख संगीतकार डेनिझ पॉप यांनी स्वीडनला या क्षेत्रात अग्रभागी आणले. त्यामागे तेथील नगरपालिकांच्या संगीतशाळांचाही वाटा मोठा होता.

या संगीताची कारागिरी मात्र घाईने उरकण्याजोगी नाही. त्यात दर मात्रेला खर्जातील एक भरीव ठोका बसतो आणि मिनिटाला साधारण १३० च्या आसपास असे ठोके पडत असल्याने शरीर विचार करण्याआधीच लयीला शरण जाते. आठ मात्रांच्या केरव्यावर वाढलेल्या मराठी कानाला ही चार-चार मात्रांची रचना मुळीच परकी वाटत नाही, म्हणूनच वरातीत किंवा गणपतीच्या मिरवणुकीत ती सहज मिसळते. या धाटणीच्या अनेक गाण्यांत शेवटच्या धृपदाला संपूर्ण चाल अचानक एका स्वराने वर चढवली जाते, आणि ज्या संगीतपरंपरेत षड्ज मैफलभर अढळ असतो तिच्यात वाढलेल्या श्रोत्याला तो क्षण अंगावर रोमांच आणणारा वाटतो. याहून महत्त्वाची गोष्ट शब्दांची आहे. शेरॉनमध्ये तयार झालेल्या मॅक्स मार्टिनसारख्या संगीतकारांनी चाल आधी आणि अर्थ नंतर, शब्दातील अक्षरांची संख्या चालीतील स्वरांशी तंतोतंत जुळलीच पाहिजे, असा शिरस्ता पाडला, कारण इंग्रजी ही त्यांची मातृभाषा नसल्याने शब्दाकडे ते प्रथम नाद म्हणून पाहू शकत होते. डॉक्टर बॉम्बेच्या गाण्यांत हीच दृष्टी टोकाला गेलेली दिसते. त्याच्या सोंगी उच्चारातील कठोर ट आणि ड तबल्यावरील बोलांचे काम करतात, आणि ‘कलकत्ता (टॅक्सी टॅक्सी टॅक्सी)’ या गाण्याच्या नावातच तिहाईसारखी तिहेरी आवृत्ती आलेली आहे. ज्या उच्चारामुळे भारतीय श्रोता अवघडतो तोच उच्चार त्या गाण्याचे तालवाद्य आहे, हा या अल्बमचा खरा पेच होय.

वेशांतर ही स्वीडिश नृत्यसंगीताची जुनी खोड आहे. १९९४ साली रेडनेक्स या चमूने अमेरिकेतील डोंगराळ खेडुतांचे सोंग घेऊन ‘कॉटन आय जो’ जगभर गाजवले, तर याकोबसेननेच पुढे २००० साली स्कॉटिश घागरा नेसून ‘डॉक्टर मॅकडू’ आणि त्यानंतर मेक्सिकन टोपी घालून ‘कार्लिटो’ अशी आणखी दोन रूपे घेतली. यावरून त्याचा रोख केवळ भारतीयांवर होता असे म्हणता येत नाही. परंतु जो स्कॉटिश माणूस युरोपात बहुसंख्याकांपैकीच एक समजला जातो त्याची नक्कल आणि जो भारतीय टॅक्सीचालक तेथे उच्चारावरून रोज ओळखला व हिणवला जातो त्याची नक्कल या दोन गोष्टी एका तागडीत तोलता येत नाहीत.

हे झाले युरोपाचे; विदर्भातील यवतमाळ शहराला लागून असलेल्या लोहारा येथे हा अल्बम ऐकला तर त्याचा अर्थ आणखी बदलतो. कलकत्त्याचे गाणे तेथे परके राहत नाही, कारण यवतमाळचा दुर्गोत्सव कोलकात्याखालोखाल मोठा असल्याचे जिल्ह्यात अभिमानाने सांगितले जाते आणि नवरात्रात शहर व आसपासची गावे मंडपांनी भरून जातात. परंतु ‘एस. ओ. एस. (द टायगर टुक माय फॅमिली)’, अर्थात वाघाने कुटुंब नेल्याची आरोळी, हे गाणे लागले की हसू थांबते. माल्म्योत वाघ हे केवळ चित्र आहे. यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव आणि पांढरकवडा परिसरातील १३ माणसांच्या मृत्यूंचा ठपका ‘टी १’ अर्थात अवनी या वाघिणीवर ठेवण्यात आला होता, कापसाच्या शेतात जायला माणसे धजावत नव्हती, गुराखी जंगलाची वाट टाळत होते, आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या परिसरात तिला गोळी घालण्यात आली तेव्हा तिच्यामागे दोन बछडे उरले. त्या घटनेवर देशभर वाद झाला आणि त्यात वाघिणीसाठी हळहळणारे व गावकऱ्यांसाठी बोलणारे असे दोन तट पडले, पण दोन्ही बाजूंची वेदना खरी होती. याच जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ साली निघालेला एक तरुण वाघ, ज्याला पुढे ‘वॉकर’ हे नाव मिळाले, शेते, रस्ते आणि वस्त्या ओलांडत सुमारे ३,००० किलोमीटर चालला आणि बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात जाऊन राहिला. या विस्मयकारक प्रवासावर एखादे नाचते गाणे रचले गेले असते तर ते सर्वांनी आनंदाने वाजवले असते. गाण्यात वाघ आला हा दोष नव्हे, तर वाघाच्या सावलीत राहणारा माणूस त्यात केवळ विनोदाचे निमित्त म्हणून आला, हा दोष आहे.

भारतीय उच्चाराची गंमत करण्याची ही परंपरा याकोबसेनच्या फार आधीची आहे. विनोदी अभिनेता पीटर सेलर्सने १९६० साली अभिनेत्री सोफिया लॉरेनबरोबर भारतीय डॉक्टरच्या सोंगात गायलेले ‘गुडनेस ग्रेशस मी’ इंग्लंडमध्ये गाजले होते, आणि १९९८ सालीच, म्हणजे डॉक्टर बॉम्बे अवतरला त्याच वर्षी, संजीव भास्कर व मीरा स्याल यांच्यासह ब्रिटिश आशियाई कलावंतांनी तेच नाव घेऊन दूरचित्रवाणीवर विनोदाची दिशा उलटी फिरवली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत कॉर्नरशॉप या चमूचे ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ हे गाणे डीजे नॉर्मन कुकने नृत्यलयीत बांधलेल्या रूपात ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचले. त्याचा कर्ता तजिंदर सिंग याने सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले यांच्या आवाजाला आणि भारतीय चित्रपटगीतांच्या जगाला दिलेली ती मानवंदना होती. एकाच वर्षी, एकाच खंडात, त्याच नाचऱ्या ठेक्यावर एकाने भारताचे सोंग घेतले आणि दुसऱ्याने भारताचे ऋण मानले.

मराठी घराला या संकोचाची ओळख नाही असे नाही. अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत यांच्या ‘ऐका दाजीबा’ने २००२ साली पाश्चात्त्य ठेक्यावर मराठी ठसका चढवला, तेव्हाही नाके मुरडणारे आणि वरातीत पहिले पाऊल टाकणारे बहुधा एकाच घरातले होते. ‘राइस अँड करी’चे स्थान मात्र त्याच्याहून खालचे आहे, कारण त्यातील कारागिरी अव्वल असली तरी माणसांविषयीचे कुतूहल त्यात जवळजवळ शून्य आहे. ज्याला नृत्यसंगीताची गोडी आहे अशा वाचकाने ‘कलकत्ता’ अवश्य ऐकावे, त्याच्या ठेक्यावर मोकळेपणाने नाचावे आणि तो आनंद कोणापासून लपवू नये. फक्त त्यानंतर लगेच ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ लावावे आणि वाघाचे गाणे राळेगाव किंवा पांढरकवड्याच्या वरातीत वाजवू नये.