विजेच्या गिटारीचा खर्ज

विजेच्या गिटारीची सर्वांत जाड तार सेकंदास सुमारें ८२ आवर्तनांचा स्वर देते. साध्या ध्वनिवर्धकांतून हा खर्ज भरदार व मोकळा ऐकूं येतो. परंतु सूर मुद्दाम फाटेपर्यंत वाढविणाऱ्या यंत्रास तीच गिटार जोडली कीं नवशिका वादक बुचकळ्यांत पडतो. खर्जाची कळ जितकी चढवावी तितका घुमारा वाढतो आणि जोर मात्र हरवतो! झपाट्याचे आघात एकमेकांत मिसळतात व ठेक्याची धार बोथट होते.

याचें कारण व्हाल्व्हच्या स्वभावांत आहे. अशा यंत्रांत एकामागून एक तीन-चार वर्धक टप्पे असतात. प्रत्येक टप्प्याला लहरींची ठराविकच उंची झेपते. त्यापलीकडील भाग छाटला जातो. खालच्या स्वरांच्या लहरी बहुधा सर्वांत उंच असल्यानें ही मर्यादा त्याच प्रथम गांठतात, आणि त्यांच्या पाठीवर बसलेले मधले स्वरही त्यांच्याबरोबर छाटले जातात. शिवाय दोन टप्प्यांमधील कंडेन्सर मोठा असला तर जोरदार आघातानंतर त्यांत सांठलेला विद्युद्भार ओसरण्यास वेळ लागतो. तेवढा वेळ पुढील व्हाल्व्ह अर्धवट मुकाच राहतो.

म्हणून खर्ज फाटण्यापूर्वीं कमी करावा आणि फाटल्यानंतर पुन्हां भरून घ्यावा, हाच खरा मार्ग. ०.०२२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर १ मेगओहमच्या रोधास जोडला तर अवघ्या ७ आवर्तनांपर्यंतचे स्वर आंत शिरतात, तोच ०.००२२ चा केला कीं सीमा ७२ वर येते. फेंडरच्या अनेक जुन्या यंत्रांत व्हाल्व्हच्या कॅथोडवर २५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर आढळतो, तर मार्शलच्या गाजलेल्या यंत्रांत पहिल्याच टप्प्यावर ०.६८ चा. मार्शलचा आवाज आटोपशीर वाटतो त्यांत या लहानशा तुकड्याचा वाटा मोठा आहे. मेसा बूगीच्या मार्क मालिकेंत खर्जाची कळ फाटण्याच्या आधीं येते. जाणते वादक ती एक-दोन अंकांवर ठेवतात आणि पुढें ८० आवर्तनांची सरकपट्टी वर उचलतात. १९९२ मध्यें निघालेल्या पीव्हीच्या ५१५० यंत्रांत तर शेवटच्या टप्प्यावर ‘रेझोनन्स’ नांवाची वेगळी कळच आहे.

ज्यास यंत्र उघडावयाचें नाहीं त्यानें आयबनेझची ‘ट्यूब स्क्रीमर’ ही पेटी मध्यें जोडावी. तिच्यांत सुमारें ७२० आवर्तनांखालील स्वरांस वर्धन कमी मिळतें. तिची फाटण्याची कळ जवळजवळ बंद व आवाजाची वर ठेवली म्हणजे काम होतें.

कळा लावतांना आवाज मात्र कार्यक्रमांत असेल तेवढाच ठेवावा. हळू आवाजांत कानास खर्ज कमी जाणवतो, हें फ्लेचर व मन्सन यांनीं १९३३ सालींच दाखविलें. घरीं गोड वाटलेली जुळणी रंगमंचावर गढूळ होते ती यामुळें. आणि तेथें ४१ आवर्तनांपासून वर जाणारी बेस गिटारही आपली जागा मागत असते. तळहातानें तारा दाबून जाड तार जलद छेडावी. प्रत्येक आघात सुटा ऐकूं येईपर्यंत खर्ज उतरवावा.

कंडेन्सर बदलण्याचें काम मात्र जाणत्या कारागिराकडेच सोंपवावें. या यंत्रांत ४०० व्होल्टांच्या आसपास दाब असतो, आणि तारेची जोडणी काढल्यावरही तो कांहीं काळ आंत टिकून राहूं शकतो.