चार पायांचा परवाना

रात्री २. कल्याणला गोविंदवाडीच्या तबेल्यात दिवे लागतात. म्हशीच्या दोन धारांत बारा तासांचं अंतर लागतं, म्हणून एक धार या अवेळी आणि दुसरी भर दुपारी. जाफराबादी, मेहसाणी, मुऱ्हा अशा रांगा. पुढ्यात सरकी पेंड, तुरीची चुनी आणि भुशाचं आंबोण. धार काढणारे बहुतेक उत्तर प्रदेशातले, धंद्यात जुन्या कल्याणातली कोकणी मुसलमान घराणी. आधी रेडकू सोडायचं, त्यानं दोन-चार ढुशा मारल्या की म्हैस पान्हा सोडते. नाही सोडला तर सुई टोचण्याचा मोह होतो. पण १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम १२ त्यासाठीच आहे. दंड होतो, कैद होऊ शकते, आणि म्हैस सरकारजमा होते. हजार रुपयांच्या दंडाला आज कोण घाबरणार? म्हैस जाणं मात्र परवडत नाही.

पहाटे ५. दूधनाका. रतीबवाले, हलवाई, हॉटेलवाले कॅनभोवती उभे. रमजान, गणपती, कोजागिरी जवळ आली की भाव चढतो. या घाईत परवाना वगैरे शब्द कुणाच्या तोंडी नसतो.

सकाळी ८. आता खरं काम: शेण. एक दुभतं जनावर दिवसाला १५ ते २० किलो शेण टाकतं. शंभर म्हशी धरा, रोजचं दीड-दोन टन झालं. गावात ते शेतात जातं. शहरात शेत नाही, गटार आहे, आणि गटार खाडीत जातं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२० मध्ये दुग्धशाळा आणि गोशाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. गोबरगॅस करा, खत करा, पण शेण नाल्यात सोडू नका. इथवर कुणाचीच तक्रार नसावी. पुढचं वाक्य मात्र अवघड आहे: तबेला वस्तीपासून २०० मीटर आणि शाळा-इस्पितळापासून ५०० मीटर दूर हवा. २०० मीटरची दोरी घेऊन दुर्गाडीपासून पत्रीपुलापर्यंत फिरा, दोरीचं दुसरं टोक कुणाच्या ना कुणाच्या गॅलरीत जाईल. तबेले आधीचे, गॅलऱ्या नंतरच्या, हे तबेलेवाले सांगतात आणि ते पुष्कळसं खरं आहे. पण खाडीचं पाणी आधी कोण आलं ते विचारत नाही.

सकाळी ११. कचेऱ्या उघडतात. ठाणे महापालिका १९८२ ची, कल्याणची १९८३ ची, दोघींचा कायदा १९४९ चा. त्याचं कलम ३७६ वाचण्यासारखं आहे. विक्रीसाठी, भाड्यानं देण्यासाठी किंवा उत्पन्न विकण्यासाठी घोडे, गुरं, ‘चार पायांची इतर जनावरं’ ठेवायची तर आयुक्तांचा परवाना लागतो. म्हणजे दोन प्रश्न: पाय किती, आणि पैसे मिळतात का? घरच्या दुधापुरती शेळी पाळली तर या पोटकलमातून सुटका. कोंबडीला दोन पाय, मधमाशीला सहा. दोघी गणितात बसत नाहीत. त्यांच्यासाठी पुढचं पोटकलम आहे, जीविताला धोका किंवा लोकांना उपद्रव होईल अशा कुठल्याही प्राण्याचं. उपद्रव झाला की नाही, हे आयुक्तांनी ठरवायचं. डुकराचं वेगळं: ते लेखी परवानगीशिवाय पाळताच येत नाही.

याच्या जोडीला नागरी भागात गुरं पाळण्यावर आणि त्यांची ने-आण करण्यावर नियंत्रण ठेवणारा राज्याचा १९७६ चा कायदा. त्याचा कल म्हैस शहरात नीट ठेवण्याकडे नाही, बाहेर काढण्याकडे आहे. मुंबईनं १९४९ मध्ये दारा खुरोडींच्या हाताखाली आरे वसाहत उभी करून तबेल्यांना निदान दुसरं घर दिलं. पुढे दापचरीचा प्रकल्प झाला, तोही मुंबईच्या म्हशींसाठी, जुन्या ठाणे जिल्ह्यातल्या जमिनीवर. कल्याणला स्वतःची आरे कधी मिळाली नाही. बाहेर जा म्हणायचं आणि कुठे ते सांगायचं नाही, याला माझ्या मते नियम म्हणू नये.

दुपारी १. ठाण्यात घोडबंदर रोडच्या एखाद्या टॉवरमधून फोन: पंधराव्या मजल्याच्या छज्ज्याखाली पोळं. येऊरचं जंगल पाठीशी असताना आग्या माशी येणारच. सोसायटीला दोनच उपाय माहीत असतात, अग्निशमन दल नाहीतर पेस्ट कंट्रोल. खरं तर आधी माशी ओळखायला हवी. आग्या उघड्यावर एकच मोठं पोळं लावते, पेटीत राहत नाही, आणि हंगाम संपला की आपणच उठून जाते. बोटभर फांदीला पोळं लावणारी फुलोरी कुणाच्या वाटेला जात नाही. सातेरी मात्र पोकळीत एकाआड एक पोळी बांधते, म्हणून ती पेटीत नांदते. ती पाळण्याचं प्रशिक्षण आणि अनुदान महाबळेश्वरच्या मध संचालनालयाकडून मिळतं. राज्यानं २०२२ मध्ये तिथल्याच मांघरला मधाचं गाव केलं. गच्चीवर पेटी किती उंचीवर, शेजाऱ्याच्या खिडकीपासून किती लांब, पाणी कुठे ठेवायचं, असं साधं पानभर मार्गदर्शन शहरासाठी हवं. फवारणीपेक्षा ते स्वस्त पडेल.

दुपारी २. पुन्हा धार. लाळ्या-खुरकुताची लस आणि कानातला बारा अंकी बिल्ला ही कामं पशुवैद्यक याच सुमारास उरकतात, कारण म्हशी दावणीला स्वस्थ असतात.

दुपारी ४. चाळीच्या मागे खुराड्यातल्या कोंबड्या मोकळ्या सोडायची वेळ. त्यांची आठवण प्रशासनाला रोग आल्यावर होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत बर्ड फ्लू निघाला, तेव्हा एक किलोमीटरच्या परिघातल्या सुमारे २५ हजार कोंबड्या मारायचा हुकूम झाला. रोगाच्या नियमात पाय मोजत नाहीत.

संध्याकाळी ६. चाऱ्याचे टेम्पो. पावसाळा असेल तर आभाळाकडे लक्ष. खाडी फुगली की तबेल्यात पाणी शिरतं आणि दावी सोडून म्हशी बायपासवर आणाव्या लागतात. २६ जुलै २००५ चा पूर पाहिलेला माणूस हवामान खात्याची वाट बघत बसत नाही.

रात्री ९. आटलेल्या, भाकड म्हशी बाहेर पाठवायच्या. १ जून २०२४ पासून कानात बिल्ला नसेल तर राज्यात जनावराची खरेदी-विक्रीही नाही आणि वाहतूकही नाही. १९७८ च्या वाहतूक नियमांप्रमाणे साध्या ट्रकमध्ये सहापेक्षा जास्त गुरं घालता येत नाहीत. ड्रायव्हर बॅटरीच्या उजेडात बिल्ले कागदाशी ताडून बघतो. सहावी चढली की फळी लावायची. सातवी पुढच्या खेपेला.