क्लचखालचा खटका

पायानें क्लच दाबून हातानें गिअर बदलण्याच्या मोटारी अमेरिकेंत आतां थोड्याच उरल्या आहेत. पण ज्या आहेत त्यांवर मालकांचें प्रेम विलक्षण असतें. माझा एक भाचा अशांपैकींच आहे. त्याच्यापाशीं १९९७ सालची मित्सुबिशी इक्लिप्स ही दोन दारांची वेगवान गाडी आहे. गेल्या हिवाळ्यांत त्यानें मला विचारलें, “मामा, क्लचचा खटका निकामी करून टाकूं का? सगळे करतात.” त्याला जें उत्तर दिलें, तेंच आज थोडें विस्तारानें सांगतों.

चार्ल्स केटरिंग यांनीं सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांत आला, आणि हातानें दांडा फिरवून इंजिन सुरू करण्याचा जाच हळूहळू संपला. पण एक नवें भय उत्पन्न झालें. गाडी गिअरमध्यें असतां स्टार्टर फिरविला, तर तो इंजिनाबरोबर चाकांनाही फिरवितो, आणि गाडी उडी घेते. जुने शिक्षक या दोषाचाच उपयोग शिकवीत: रेल्वेच्या फाटकावर इंजिन बंद पडलें, तर पहिला गिअर टाकून नुसत्या स्टार्टरवर गाडी रुळांपलीकडे न्यावी. पुढें कारखानदारांनीं क्लचच्या पेडलापाशीं एक लहानसा खटका बसविला. स्टार्टरला चेतविणारा प्रवाह या खटक्यांतून जातो. पेडल तळापर्यंत दाबलें कीं खटका जुळतो. एरव्हीं किल्ली कितीही फिरवा, स्टार्टर हालत नाहीं.

हा खटका वगळणें फार सोपें आहे. दोन तारा एका तुकड्यानें जोडल्या कीं झालें. म्हणूनच मोह होतो. आणि मोहामागें एक खरें कारणही आहे, तें नाकारणें अन्यायाचें होईल. बहुतेक गाड्यांत क्लच दाबला कीं त्याचा जोर फ्लायव्हीलमार्फत क्रँकशाफ्टवर येतो व तो शाफ्ट पुढच्या बाजूस रेटला जातो. हा रेटा झेलण्यासाठीं थ्रस्ट बेअरिंग असतें. चालत्या इंजिनांत त्यावर तेलाचा पातळ थर असतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडींत तो थर ओसरलेला असतो. अशा वेळीं क्लच दाबून इंजिन फिरविलें, तर क्षणभर धातूवर धातू घांसतो. भाच्याच्या गाडीच्या पिढींतील कांहीं टर्बो इंजिनांत हें बेअरिंग झिजून शाफ्ट पुढें-मागें सरकूं लागल्याचीं उदाहरणें प्रसिद्ध आहेत. शौकीन लोक त्याला ‘क्रँकवॉक’ म्हणतात. त्याच्या मूळ कारणाविषयीं मात्र अजून वाद आहे. शर्यतीसाठीं कडक स्प्रिंगांचा भारी क्लच बसविला, तर रेटा आणखी वाढतो, हें उघड आहे.

मग काढावा कीं नाहीं? माझें मत, काढूं नये. सकाळचा तो रेटा दोन-तीन सेकंदांचा. इंजिन लागतांच न्यूट्रलमध्यें क्लच सोडून दिला, कीं तोही संपला. उलट, गर्दीच्या रस्त्यांत फाटकाफाटकाशीं मिनिट मिनिट क्लच दाबून उभे राहण्याची संवय मोडली, तर बेअरिंगवर कितीतरी अधिक उपकार होतील. हें मात्र कोणी मनावर घेत नाहीं. तार जोडणें त्याहून सोपें!

भाच्याच्या एका मित्रानें ती तार जोडली होती. थंडीच्या एका सकाळीं त्याच्या धाकट्या भावानें इंजिन गरम व्हावें म्हणून खिडकींतून हात घालून किल्ली फिरविली. गाडी पहिल्या गिअरमध्यें होती, हातब्रेक सैल होता. क्लच जोडलेलाच असल्यामुळें इंजिन लागतांच गाडी स्वतःच्या बळानें पुढें गेली. पुढें वडील बर्फ उपसण्याचें फावडें काढीत होते. त्यांचा पाय मोडला. भावाची चूक काढतां येईल काय? त्या गाडींत काय केलें आहे, हें त्याला ठाऊकच नव्हतें. आपल्या घाटांत, चढउतारावर, गाडी गिअरमध्यें ठेवूनच उभी करतात. तेव्हां हा प्रसंग परक्या देशाचा म्हणून सोडून देण्याजोगा नाहीं.

टोयोटाच्या एफ्‌जे क्रूझर या डोंगरी गाडींत कारखान्यानेंच खटका तात्पुरता वगळण्याचें बटण दिलें होतें, कारण खडकाळ चढणीवर त्याची गरज पडते. तें बटण डोळ्यांसमोर असतें व चालकाला मुद्दाम दाबावें लागतें. पेडलाखालच्या तारेला असें कांहीं नसतें. गाडी विकली कीं ती नव्या मालकाकडे मुकाट्यानें जाते.

खटकाच बिघडला असेल, तर गोष्ट निराळी. पुष्कळदां खटका ठीक असतो, पण पेडलावरची प्लॅस्टिकची टिकली जुनी होऊन चुरते व खटका दाबलाच जात नाहीं. कधीं पायपुसणें आड येतें. परीक्षेपुरती तार जोडून पाहण्यास हरकत नाहीं, पण गाडी न्यूट्रलमध्यें व हातब्रेक ओढलेला असावा, आणि दोष सांपडतांच तार निघाली पाहिजे. पेडलाच्या वरच्या अंगाला बहुधा दुसराही एक खटका असतो. तो क्रूझ कंट्रोलचा. दोहोंची गल्लत करूं नये. बटणानें सुरू होणाऱ्या अलीकडच्या गाड्यांत खटक्याची वार्ता संगणकाकडे जाते. तेथें तार जोडली, तर क्लच सदैव दाबलेला आहे अशी त्याची समजूत होऊन बसते.

जुनी गाडी विकत घेतांना एवढें करून पाहावें. हातब्रेक घट्ट ओढावा, गिअर न्यूट्रलमध्यें आहे याची दांडी हालवून खात्री करावी, गाडीपुढें व मागें कोणी नाहीं हें पाहावें, आणि क्लचला पाय न लावतां किल्ली फिरवावी. कारखान्यानें खटका दिलेल्या गाडींत स्टार्टर फिरूं लागला, तर पेडलाखालीं विजेरी धरून तार शोधावी.