इमारतीच्या दर्शनी भागासाठी दगडाची निवड : नैसर्गिक की कृत्रिम?

प्रस्तावना :
दगड हे महाराष्ट्रातील बांधकामाचे प्राचीन माध्यम आहे. वेरूळची लेणी असोत वा सह्याद्रीतील गिरिदुर्ग, त्यांचा आधार म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीय उद्रेकांतून निर्माण झालेला काळा पाषाण, अर्थात बेसाल्ट होय. आधुनिक इमारतीत मात्र भार काँक्रीटचा सांगाडा वाहतो आणि दगड बहुधा केवळ आवरण म्हणून बसविला जातो. साहजिकच कृत्रिम दगडाचा पर्यायही पुढे आला आहे. प्रस्तुत लेखात या दोहोंचे गुणधर्म व निवडीचे निकष स्पष्ट केले आहेत.

नैसर्गिक दगड :
'नैसर्गिक म्हणजे टिकाऊ' हे समीकरण सरसकट खरे नाही. घट्ट बेसाल्ट पाणी अत्यल्प शोषतो. याउलट कोकण-गोव्यातील जांभा सच्छिद्र असतो. भारतीय मानक आय. एस. ३६२० नुसार जांभ्याच्या चिऱ्याचे जलशोषण वजनाच्या १२ टक्क्यांपर्यंत ग्राह्य धरले जाते. जुन्या गोव्यातील बॉम जीझस बॅसिलिका (इ. स. १६०५) हे याचे बोलके उदाहरण आहे. प्रामुख्याने जांभ्यात बांधलेल्या या वास्तूवरील चुन्याचा गिलावा विसाव्या शतकाच्या मध्यास काढून टाकण्यात आला आणि उघडा पडलेला जांभा पावसाच्या माऱ्याने झिजू लागला. दोष दगडाचा नव्हता. त्याचे संरक्षक आवरण काढण्याच्या निर्णयाचा होता.

कृत्रिम दगड :
सिमेंट, वाळू वा हलकी खडी आणि रंगद्रव्ये यांचे मिश्रण साच्यात ओतून हा दगड तयार करतात. त्याची जाडी एकसारखी असते, कोपऱ्याचे तुकडे तयार मिळतात आणि घडणावळीचा खर्च वाचतो. मात्र उन्हापावसात त्याचा रंग फिकट होऊ शकतो. रंग केवळ पृष्ठभागावर असल्यास टवका उडताच आतील सिमेंट उघडे पडते. नैसर्गिक दगडाचा रंग मात्र आतपर्यंत असतो.

निवडीचे निकष :
१) हवामान : अतिवृष्टीच्या प्रदेशात जलशोषण प्रथम तपासावे. त्यासाठी आय. एस. ११२४ ही चाचणी उपलब्ध आहे.
२) भार व जोडणी : २५ मि.मी. जाडीच्या बेसाल्टचा भार प्रति चौरस मीटर सुमारे ७० किलो होतो. उंचावर केवळ सिमेंटच्या चिकटपणावर विसंबू नये. गंजरोधक पोलादी आकडे वापरावेत. किनारपट्टीवरील खाऱ्या हवेत साधे लोखंड गंजून फुगते व दगड सुटतो.
३) जुनी वास्तू : चुन्यात बांधलेल्या सच्छिद्र भिंतीतील ओल पृष्ठभागावाटे बाहेर पडते. तीवर सिमेंटयुक्त आवरण बसविल्यास ओल व क्षार आत कोंडून मूळ दगडाचेच पोपडे निघतात.
४) खर्च : केवळ खरेदीचा दर न पाहता वाहतूक, बसवणूक व पुढील दुरुस्ती यांचा एकत्रित विचार करावा.

निष्कर्ष :
जवळ खाण व कुशल पाथरवट उपलब्ध असल्यास बेसाल्ट हा दीर्घकालीन दृष्टीने योग्य पर्याय ठरतो. भार मर्यादित ठेवावयाचा असल्यास नव्या इमारतीत कृत्रिम दगड स्वीकारार्ह आहे. जुन्या वास्तूंवर मात्र तो लावू नये. अनेक महाविद्यालयांच्या इमारती शतकोत्तर वयाच्या आहेत. त्यांच्या नूतनीकरणाचा निर्णय घेताना केवळ दर्शनी शोभेचा विचार न करता भिंतीतील पाण्याला बाहेर पडण्याची वाट राहते किंवा नाही, हे प्रथम पाहणे आवश्यक आहे.