जव्हार-मोखाड्यात घर घेताना
लेखमाला ‘गावातले घर’ : भाग सातवा

जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत घर विकत घेताना सर्वांत आधी चौकशी करावी लागते ती घराखालच्या जमिनीची. भिंती, छप्पर, पाणी, रस्ता यांचा क्रम त्यानंतर लागतो. पालघर जिल्ह्यातले हे दोन्ही तालुके संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात येतात. महाराष्ट्रातील अनुसूचित क्षेत्रांची सध्याची यादी राष्ट्रपतींच्या 1985 च्या आदेशाने ठरली आणि तिच्यात हे दोन तालुके पूर्णपणे समाविष्ट आहेत. इथल्या दर दहा माणसांत नऊ आदिवासी आहेत. त्यात वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी हे प्रमुख समाज. साहजिकच, विक्रीला निघालेल्या जमिनीचा मूळ धनी आदिवासी असण्याचीच शक्यता जास्त असते, आणि त्या एका गोष्टीवर पुढचा सगळा व्यवहार अवलंबून असतो.

जव्हार हे जुने राजधानीचे गाव. महादेव कोळी समाजातल्या मुकणे घराण्याने चौदाव्या शतकापासून 1948 पर्यंत इथे राज्य केले. 1343 मध्ये नेमशहाला दिल्लीच्या सुलतानाकडून राजा ही पदवी मिळाली. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांच्या काळातला जयविलास राजवाडा गावाबाहेरच्या टेकडीवर आजही उभा आहे. गावची नगर परिषद 1918 सालची. समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंची, पावसाळ्यात धुके, दाभोसा आणि काळमांडवीचे धबधबे, मुंबई आणि नाशिकहून काही तासांची वाट, या सगळ्यामुळे इथे ‘सेकंड होम’ शोधणाऱ्यांची वर्दळ वाढली आहे. मोखाडा, खोडाळा, सूर्यमाळ या भागांत तर जमिनीचे फलक रस्त्याकडेलाच लागलेले दिसतात. त्या फलकांवर दर असतो, दृश्याचे वर्णन असते. खातेदार कोण, हे नसते.

इंग्लंडमधल्या जुन्या खेड्यांत घर घेणाऱ्यांपुढे वेगळीच बंधने असतात. तिथे ऐतिहासिक इमारतींची सरकारी यादी आहे. यादीतल्या घराची खिडकी बदलायची तरी परवानगी लागते, आणि विनापरवाना केलेला बदल हा फौजदारी गुन्हा ठरतो. 1967 च्या कायद्यानंतर गावेच्या गावे संरक्षित क्षेत्रे झाली. घर कोणी कोणाला विकावे याला मात्र फारशी आडकाठी नाही. त्याचा परिणाम असा, की कॉर्नवॉलसारख्या भागांत सुट्टीपुरती येणारी मंडळी घरे घेत गेली आणि गावातल्या तरुणांना गावात राहणे परवडेनासे झाले. सेंट आइव्ज या किनाऱ्यावरच्या गावाने 2016 मध्ये सार्वमत घेऊन, नव्याने बांधलेले घर कायम राहणाऱ्यालाच मिळेल असा नियम केला. तिथे गाव हातचे जाऊ लागल्यावर हा उपाय सुचला. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातल्या या आदिवासी पट्ट्यात तो धडा फार आधी आणि फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला होता. सावकारी कर्जापोटी, दारूच्या उधारीपोटी, लग्नासाठी घेतलेल्या मूठभर रुपयांपोटी इथल्या जमिनी गेल्या आणि जमिनीचा मालक त्याच जमिनीवर वेठबिगार झाला. 1945 मध्ये गोदावरी परुळेकर आणि किसान सभेच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठीविरुद्ध जो लढा दिला, त्याची पार्श्वभूमी हीच. इथल्या कायद्याने भिंतींपेक्षा जमीन राखण्यावर भर दिला, त्याचे कारण या इतिहासात आहे.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मधली 36 आणि 36अ ही कलमे या संरक्षणाचा कणा आहेत. कलम 36अ हे 6 जुलै 1974 पासून लागू झाले. त्यानुसार आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण, भाडेपट्टा किंवा अन्य कोणत्याही मार्गाने पूर्वमंजुरीशिवाय जाऊ शकत नाही. पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा किंवा गहाण असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. बाकी सर्व हस्तांतरणांना जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी आणि तिच्याआधी राज्य शासनाची मान्यता, असे दोन्ही लागते. अर्ज घेणाऱ्याने करायचा असतो. ज्या गावात जमीन आहे तिथे किंवा पाच किलोमीटरच्या आत राहणारा एकही आदिवासी ती घ्यायला तयार नाही, अशी खात्री पटल्याशिवाय जिल्हाधिकाऱ्यांना मंजुरी देता येत नाही. अनुसूचित क्षेत्रात त्यावर ग्रामसभेच्या पूर्वसंमतीची अटही आली आहे. हौसेखातर वीकेंडचे घर बांधू पाहणाऱ्या शहरी माणसाला ही मंजुरी मिळेल, असे गृहीत धरून कोणी पैसे अडकवू नयेत.

कलमातली बंधने ‘भोगवट्या’च्या हस्तांतरणावर आहेत, निव्वळ शेतीवर नाहीत. त्यामुळे ‘जागा एनए (बिगरशेती) झाली आहे, आता काही अडचण नाही’ हे दलालाचे वाक्य आदिवासी खातेदाराच्या बाबतीत निर्धास्त करणारे नाही.

मंजुरी टाळण्याच्या वाटाही ठरलेल्या आहेत आणि त्या सगळ्या घेणाऱ्यालाच खड्ड्यात नेतात. नोटरीपुढे केलेले साठेखत, कुलमुखत्यारपत्र, 99 वर्षांचा करार, विकसन करारनामा, ही त्यांची नावे. कुलमुखत्यारपत्रावर झालेल्या ‘विक्री’ने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. ओळखीच्या आदिवासी माणसाच्या नावावर जमीन घेऊन पैसे आपण भरायचे, हा त्याहून धोक्याचा प्रकार. तो बेनामी व्यवहार ठरतो. 2016 च्या दुरुस्तीनंतर अशी मालमत्ता जप्त होऊ शकते आणि एक ते सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. ज्याच्या नावाचा वापर झाला तो गरीब माणूसही त्यात आरोपी होतो, आणि वकिलाचा खर्च त्याच्या आवाक्याबाहेरचा असतो. ही वाट सुचवणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

मग बिगरआदिवासी माणसाला इथे घर घेताच येत नाही का? येते. आंध्र प्रदेशात 1970 च्या विनियमानुसार अनुसूचित क्षेत्रात बिगरआदिवासीने दुसऱ्या बिगरआदिवासीला जमीन विकण्यावरही बंदी आहे. महाराष्ट्रात तसे नाही. जव्हारच्या बाजारपेठेत आणि आसपासच्या मोहल्ल्यांत व्यापारी, कारागीर, नोकरदार अशी बिगरआदिवासी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. त्यांची घरे विकत घेता येतात. संस्थानी जव्हारची जुनी घरे बहुतेक याच भागात आहेत, त्यामुळे जुने घर हवे असणाऱ्याने शोधही तिथूनच सुरू करावा. मोखाडा आणि खोडाळ्याच्या गावठाणांतही अशी थोडी घरे आहेत.

इथे कागद तपासण्याची एक खास काळजी घ्यावी लागते. इतरत्र वकील साधारण 30 वर्षांचा शोध घेतात आणि तेवढ्याने भागते. जव्हार-मोखाड्यात ते पुरेसे नाही. आदिवासींच्या जमिनी परत देण्यासाठी केलेला 1974 चा कायदा 1 नोव्हेंबर 1975 पासून अमलात आला आणि तो 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळातल्या हस्तांतरणांना लागू होतो. 6 जुलै 1974 नंतरच्या हस्तांतरणाला 36अ आहेच. म्हणून आजचा विकणारा बिगरआदिवासी असला तरी त्याच्या आजोबांकडे जमीन कोणाकडून आली, हे पाहावे लागते. त्यासाठी आजच्या सातबारावरचे फेरफार क्रमांक घेऊन एकेक फेरफार मागे काढत 1957 च्या पलीकडे जावे. ऑनलाइन सातबारा ही फक्त सुरुवात असते. जुने फेरफार आणि हस्तलिखित सातबारे तहसीलच्या अभिलेख कक्षातून नकलेसाठी अर्ज करून घ्यावे लागतात. एखाद्या फेरफारात आदिवासी नाव येऊन पुढच्या फेरफारात ते नाहीसे झाले, तर त्या जागी मंजुरीचा आदेश क्रमांक आणि दिनांक शोधावा. तो नसेल तर व्यवहार तिथेच थांबवावा. सातबाराच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात 36 किंवा 36अ चा शेरा, वन विभागाचा शेरा, भोगवटादार वर्ग 2 अशी नोंद असेल, तर तिचा अर्थ लावून घेतल्याखेरीज विसार देऊ नये.

जंगलाचा विषय इथे फार जवळचा आहे. वनहक्क कायदा, 2006 खाली मिळालेला वनपट्टा वारसाहक्काने पुढे जातो, पण विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. जोडप्याला मिळालेला पट्टा पती आणि पत्नी दोघांच्या नावे असतो. त्यामुळे असा पट्टा ‘स्वस्तात’ विकायला आलाच, तर देणाऱ्याला तो विकण्याचा अधिकारच नसतो. 1975 च्या खासगी वने कायद्याखाली शासनाकडे गेलेल्या जमिनींचेही तसेच. झाडी भरपूर असलेली आणि दर कमी सांगितलेली जागा असेल, तर वन विभागाकडे आधी विचारणा करणे शहाणपणाचे.

शेतजमिनीबाबत राज्यभर लागू असलेले नियम इथेही आहेतच. कूळ कायद्याच्या कलम 63 मुळे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. तुकडेबंदीमुळे दोन-चार गुंठ्यांचे ‘फार्महाऊस प्लॉट’ वेगळ्या सातबाऱ्यावर सहज येत नाहीत. सामाईक सातबाऱ्यावर वीस अनोळखी नावे चढली की पुढे घर बांधायलाही सगळ्यांची संमती मागत फिरावे लागते.

गावठाणातल्या घरांचा हिशेब निराळा. तिथे बऱ्याचदा सातबारा नसतो. मालकीचा पुरावा म्हणून ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा पुढे केला जातो, पण तो घरपट्टी आकारणीचा कागद आहे. त्यातून मालकी सिद्ध होत नाही. केंद्राच्या स्वामित्व योजनेत 2020 पासून ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार होत आहेत. ज्या गावात पत्रिका आली आहे तिथे घराचे क्षेत्र आणि धारकाचे नाव निदान एका नकाशावर दिसते. नगरभूमापन झालेल्या भागात मिळकत पत्रिका आणि नगर परिषदेची कर नोंद दोन्ही पाहावीत आणि दोन्हींतली नावे जुळतात का ते तपासावे. न जुळणे हे बहुधा वाटण्या न झाल्याचे लक्षण असते. मुंबई-नाशिकला गेलेले भाऊ, लग्न होऊन गेलेल्या बहिणी, वारलेल्या चुलत्याची मुले, या सगळ्यांचा हक्क त्या घरात असू शकतो. वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर हिंदू कुटुंबात मुलींचा वाटा मुलांइतकाच आहे, तेव्हा बहिणींच्या सह्यांशिवाय खरेदीखत पूर्ण मानू नये. तळमजल्यावर जुना भाडेकरू असेल तर घर विकले म्हणून तो निघत नाही. भाडे नियंत्रण कायदा, 1999 चे संरक्षण त्याला नव्या मालकाविरुद्धही मिळते.

कागद नीट असले की मग घराकडे वळावे. बाजारातले जुने घर बहुधा दगडी जोत्यावर उभे असते : पुढे ओटा, आत पडवी, मग माजघर, वर माळा. भार पेलतात ते सागाचे खांब आणि तुळया. भिंती नुसत्या आडोशाला. म्हणून तपासणी लाकडाची करायची. तुळईचे भिंतीत गेलेले टोक सर्वांत आधी कुजते, कारण ओल तिथे मुरते आणि वाळवीही तिथूनच चढते. तुळईवर हातोडीने ठोकून भरीव आवाज येतो का ते ऐकावे, आणि खांबाच्या तळाशी, दगडाला टेकतो तिथे, टोचा घालून पाहावा. वरच्या मंगलोरी कौलांसाठी दरवर्षी पावसाच्या तोंडावर घर शाकारावे लागते. फुटकी कौले बदलायची, सरकलेली बसवायची, रीपा पाहायच्या. हे काम जाणणारी माणसे गावात अजून आहेत, पण ती मे महिन्यात आयत्या वेळी मिळत नाहीत. घर बंद ठेवून फक्त सुट्टीला येणाऱ्याचे छप्पर दोन-तीन पावसाळ्यांत गळू लागते, आणि एकदा गळले की लाकूड वाचत नाही. जुने घर घ्यावे ते त्यात वर्षातला मोठा काळ राहण्याची तयारी असेल तरच.

पाड्यांवरचे कुडाचे घर हे वेगळे बांधकाम. कारवीच्या काड्या उभ्या विणून दोन्ही बाजूंनी शेणमातीने लिंपलेल्या भिंती, लाकडी मेढी आणि वर कौले. उन्हाळ्यात थंड, दुरुस्तीला सोपे. ते विकत घेण्याचा प्रश्न सहसा येतच नाही, कारण खालची जमीन आदिवासीची असते. तसे बांधकाम आपल्या जागेत करायचे असेल तर पाड्यावरच्या माणसाला योग्य मजुरी देऊन करून घ्यावे.

पाण्याची चौकशी पावसात करू नये. जुलैमध्ये इथे सगळीकडे पाणी असते. एप्रिलच्या अखेरीस विहिरीत किती हात पाणी उरते, टँकर येतो का, आणि आला तर तो कोणासाठी येतो, हे शेजाऱ्यांना विचारावे. जव्हार गावाला जयसागर धरणाचे पाणी आहे. मोखाड्याच्या पाड्यांची परिस्थिती मात्र कठीण आहे. मुंबईला पाणी देणारे मध्य वैतरणा धरण याच परिसरात आहे, आणि तिथल्याच बाया उन्हाळ्यात हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. नव्या बंगल्याने खोल बोअर मारून शेजारच्या पाड्याची विहीर आटवली, तर त्याचा जाब कायद्याआधी गाव विचारते, आणि ते रास्तच आहे. दवाखान्यासाठी जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय हा मुख्य आधार. रेल्वे दोन्ही तालुक्यांत नाही. म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन येणाऱ्यांनी पावसाळ्यातला घाटरस्ता एकदा रात्री चालवून पाहावा.

सगळे जुळले तर व्यवहाराचा शेवट नेहमीसारखाच. दोन वर्तमानपत्रांत जाहीर सूचना द्यावी, त्यातले एक तरी स्थानिक वाचले जाणारे असावे. मोजणी भूमी अभिलेख खात्याकडून करून हद्दीवरच्या शेजाऱ्यांना हजर ठेवावे. खरेदीखत दुय्यम निबंधकांकडे नोंदवावे. नोंदणी शुल्क किमतीच्या 1 टक्का, कमाल 30,000 रुपये, मुद्रांक शुल्क त्याशिवाय. नोंदणी झाली म्हणजे सरकारने मालकीची हमी दिली असे नाही. आपल्याकडे दस्त नोंदवला जातो, मालकी तपासून दिली जात नाही, म्हणूनच वरची सगळी खटपट. नोंदणीनंतर फेरफारासाठी नोंद धरली जाते, संबंधितांना नोटिसा निघतात आणि हरकतीसाठी 15 दिवस असतात. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. ती प्रमाणित नोंद हातात आल्यावर घरपट्टी आणि वीज मीटर नावावर करून घ्यायचे आणि मगच दुरुस्तीचे सामान उतरवायचे.