घाटावरचा कागद, घाटाखालचं धान्य

खोपोलीचं वीरेश्वराचं देऊळ आणि त्याच्या शेजारचं मोठं तळं नाना फडणविसांनी बांधलं, हे गावातलं शाळकरी पोरही सांगतं. पण 1781 च्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत याच परिसरात इंग्रजांची छावणी पडली होती, आणि ती मोठ्या लढाईत मोडावी न लागता उपासमारीच्या भीतीने उठली, हे खालापूर-कर्जतच्या फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. वडगावचा विजय आपल्या पाठ्यपुस्तकात आहे. त्यानंतर दोन वर्षांनी झालेली बोरघाटाची ही माघार मात्र तळटिपेत गेली. मला ती वडगावइतकीच मोलाची वाटते, कारण ती तलवारीइतकीच लेखणीने मिळवलेली आहे.

मागची हकीकत थोडक्यात. 1773 मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाला, रघुनाथरावाविरुद्ध बारभाई म्हणवणारे कारभारी एकत्र आले, रघुनाथराव इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि 1775 मध्ये युद्ध पेटलं. पुढे मुंबईकर इंग्रज बोरघाट चढून पुण्याकडे निघाले. कार्ल्याजवळ 4 जानेवारी 1779 रोजी कॅप्टन स्टुअर्ट, म्हणजे आपल्या लोकांचा ‘इष्टुर फाकडा’, मारला गेला. तळेगाव जाळून ओस केलेलं होतं, फौजेला दाणा मिळेना, आणि त्याच महिन्यात वडगावचा नामुष्कीचा करार झाला. तो करार कलकत्त्याच्या वॉरन हेस्टिंग्जने धुडकावला आणि बंगालकडून आलेल्या जनरल गॉडर्डच्या हाती पुढची मोहीम आली.

गॉडर्ड साधा माणूस नव्हता. डिसेंबर 1780 मध्ये त्याने वसई घेतली. वसई सोडवायला धडपडणारे रामचंद्र गणेश कानडे त्याच सुमारास वज्रेश्वरीच्या बाजूला लढताना पडले. त्यानंतर अर्नाळा गेला. 8 फेब्रुवारी 1781 रोजी गॉडर्डच्या आघाडीच्या तुकडीने बोरघाटाची वाट ताब्यात घेतली आणि त्याचा मुख्य तळ घाटाच्या पायथ्याशी, खोपोलीला पडला. जुन्या इंग्रजी कागदांत या गावाला ‘कँपोली’ म्हटलेलं आढळतं. घाटमाथ्यावर इंग्रजांच्या तोफा पोचल्यावर पुण्याचं काय राहिलं, असं मुंबईत कोणालाही वाटलं असतं. गॉडर्डलाही वाटत होतं की आता नाना तहाला येतील.

नाना तहाला आले नाहीत. बोलणं चालू ठेवायचं, पण काही पदरात पडू द्यायचं नाही, असा त्यांचा रोख होता. इंग्रजांची घाई त्यांना नीट माहीत होती. 1780 च्या पावसाळ्यात हैदरअली कर्नाटकात उतरला होता, मद्रासकर इंग्रज जेरीस आले होते, आणि गॉडर्डकडच्या पलटणी तिकडे हव्या होत्या. शिवाय पाऊस तोंडावर होता. घाटाखाली पावसाळ्यात छावणी ठेवणं म्हणजे काय, हे भिवपुरी-पळसदरीच्या माणसाला सांगायला नको. खंडाळ्याच्या बाजूला हरिपंत फडके आणि तुकोजी होळकर फौजा घेऊन बसले. परशुरामभाऊ पटवर्धन मात्र घाट उतरून कोकणात आले, आणि खरी मोहीम तिथून सुरू झाली.

गॉडर्डचा दाणागोटा मुंबईहून होडीने पनवेलला येई आणि तिथून बैलांवर लादून चौक, खालापूर या वाटेने खोपोलीला पोचे. आज गाडीने तासाभराचा हा रस्ता तेव्हा फौजेच्या पोटाची एकुलती एक नळी होती. भाऊंनी थेट छावणीवर हल्ला केला नाही. त्यांनी ही वाट धरली. मार्चच्या मध्याला पनवेलहून निघालेल्या एका मोठ्या रसदेवर ते तुटून पडले. रसद कशीबशी पोचली, पण शंभराच्या वर माणसं जायबंदी नाहीतर ठार झाली. एप्रिलमध्ये कर्नल ब्राउन धान्य आणायला पनवेलला गेला, तेव्हा परतताना मोठी कुमक पाठवल्याशिवाय त्याला हलता येईना. धान्याच्या दर पोत्यामागे पलटण द्यावी लागली तर छावणी किती दिवस टिकणार? 19 एप्रिलच्या सुमारास, चैत्र वद्यात, गॉडर्डने घाट सोडला. मराठ्यांच्या स्वारांनी खालापूर आणि चौकच्या वाटेवर पनवेलपर्यंत त्याची पाठ सोडली नाही. इतिहासकार ग्रँट डफ या माघारीतलं इंग्रजांचं नुकसान साडेचारशेंवर माणसं मेली-जखमी झाली असं देतो, त्यांत 18 गोरे अंमलदार. शिवाय सामान, बैल, दारूगोळा गेला तो वेगळाच.

आता विचार करा. पुण्याचं कारभारी मंडळ, घाटमाथ्यावरची फौज आणि खालच्या रानात फिरणारे भाऊ, यांच्यामध्ये सह्याद्रीची भिंत. वर बसलेल्याला खालची रसद कधी निघाली ते दिसत नाही, खालच्याला पुण्यात तहाचं बोलणं कुठवर आलं ते कळत नाही. एकमेकांना न दिसणाऱ्या या तीन ठिकाणांचा मेळ घालण्याचं काम जासूद आणि कासीद, म्हणजे पत्रं पोचवणारे हरकारे, करत होते. महत्त्वाचं पत्र असेल तर जासुदांची जोडी निघे, एक पडला तर दुसऱ्याने पोचवावं म्हणून. बोरघाटाची वाट इंग्रजांच्या हाती असली तरी सह्याद्रीला वाटांची वाण नाही. राजमाचीच्या अंगाने, कुसूर घाटाने, भीमाशंकरखाली खांडसकडे, अशा पायवाटा कर्जतच्या डोंगरात कितीतरी आहेत. आज ट्रेकर त्या चढतात, तेव्हा त्या ठाकर आणि कोळ्यांच्या रोजच्या होत्या.

अशा पत्राचा कागद एकदा जवळून पाहिला की विसरत नाही. कागद लांबट, हाताने बनवलेला. वर श्रीकार आणि त्याखाली मानासाठी सोडलेली कोरी जागा. कारकून आधी रेघ ओढतो आणि मग बोरूने त्या रेघेला मोडी अक्षरं टांगत जातो. शब्दांमध्ये फट नाही, विराम नाही, हात उचलायला सवड नाही. काही ठिकाणी अक्षरांत अडकलेले वाळूचे कण अजून चमकतात, कारण शाई सुकवायला वाळू टाकत. तारीख मुसलमानी चंद्राची, वर्ष सुहूर सनाचं. बोरघाटाच्या मोहिमेचं वर्ष म्हणजे ‘इहिदे समानीन मया व अलफ’, सुहूर 1181. आणि पत्र पोचल्यावर ज्याच्या हाती आलं त्याच्या दफ्तरात त्यावर ‘पैवस्त’ची तारीख पडते. लिहिल्याची तारीख आणि पैवस्तीची तारीख शेजारी ठेवली की जासुदाला किती दिवस लागले ते आज अडीचशे वर्षांनी आपल्याला मोजता येतं. एवढी शिस्त धावपळीतल्या छावणीत, झाडाखाली बसून पाळली गेली.

आणि या पत्रांत असतं काय? शौर्याची वर्णनं शोधायला गेलात तर हिरमोड होईल. पटवर्धनांच्या दफ्तरातली पत्रं वाचताना पुन:पुन्हा भेटतात ते पैसे. शिपायांचा रोजमुरा, म्हणजे पगार, तुंबलाय. घोड्यामागची नालबंदी आली नाही. सावकार हुंडी पटवत नाही. वैरण महाग झाली. अमक्या पथकाची हजिरी घ्यायची आहे. घरी कोणाचं दुखणं, कोणाचं लग्न. इतिहासाच्या शौकिनांना हे रटाळ वाटतं. मला उलट वाटतं. ज्या फौजेत घोड्याच्या दाण्याचं पत्र वेळेवर जातं तीच फौज शत्रूचा दाणा वेळेवर अडवते. नाना स्वतः फडणीस, म्हणजे हिशेबाचे धनी. हरिपंत फडके लेखणीकडून तलवारीकडे आलेले. गॉडर्डचं धान्य मोजून त्याची छावणी कधी उठेल हे ताडणारी माणसं ही अशीच असायची.

कागदाची ही काळजी फक्त आपल्याकडेच नव्हती. बोरघाटाच्या मोहिमेच्या याच महिन्यांत पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला याच इंग्रज राज्याशी दुसरी एक फौज लढत होती. अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टनची क्रांतिसेना सहा वर्षांच्या युद्धाने थकली होती. त्याच्याभोवती एडीसींचं, म्हणजे आपल्या शब्दांत लष्करी चिटणिसांचं, एक मंडळ असे. गॉडर्डने बोरघाट धरला त्याच फेब्रुवारीत वॉशिंग्टनचा बुद्धिमान एडीसी अलेक्झांडर हॅमिल्टन त्याच्याशी खटका उडून बाहेर पडला. टेंच टिल्घमन मात्र 1776 पासून टिकून होता आणि सुरुवातीला तर बिनपगारी राबला. ऑक्टोबर 1781 मध्ये यॉर्कटाउनला इंग्रजांची फौज शरण आली, तेव्हा ती खबर फिलाडेल्फियाला घेऊन गेला तो हाच चिटणीस.

पण मला आठवतं ते वॉशिंग्टनचं एप्रिल 1781 मधलं पत्र. गॉडर्ड खोपोलीहून उठण्याच्या थोडेच दिवस आधी वॉशिंग्टनने आपल्या काँग्रेसला लिहिलं की सैन्याचे कागद विस्कळीत पडलेत, त्यांच्या स्वच्छ नकला करायला लेखनिक द्या. लढाई जिंकायची होती, पगाराला पैसे नव्हते, आणि हा माणूस दफ्तराची काळजी करत होता. मे महिन्यात या कामावर रिचर्ड व्हेरिकची नेमणूक झाली. पोकीप्सी गावात त्याने आणि त्याच्या कारकुनांनी दोन वर्षांहून अधिक काळ नकला उतरवल्या आणि 44 बांधीव खंड तयार केले. आज ते वॉशिंग्टन शहरातल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत.

त्या सेनेचे शेवटचे महिने तर निव्वळ कागदाचे होते. न्यूबर्गच्या छावणीत मार्च 1783 मध्ये थकलेल्या पगारावरून अंमलदार बिथरले. उन्हाळ्यात शिपायांना घरी लावलं, ते हातात रजेचा कागद आणि तीन महिन्यांच्या पगाराची वायद्याची चिठ्ठी देऊन. कित्येकांनी त्या चिठ्ठ्या वाटखर्चासाठी कवडीमोलाने विकल्या. अर्ज, तक्रारी, शिफारशी, दाखले, या सगळ्यांना उत्तरं लिहिणारे होते जोनाथन ट्रम्बुल, डेव्हिड हम्फ्रीज, बेंजामिन वॉकर, डेव्हिड कॉब. 23 डिसेंबर 1783 रोजी वॉशिंग्टनने अ‍ॅनापोलिसला राजीनामा दिला, तेव्हाही हम्फ्रीज आणि वॉकर सोबत होते. तुंबलेल्या रोजमुऱ्यासाठी आपले शिलेदार जे लिहीत होते तेच तिथले शिपाई लिहीत होते. आपलं युद्ध 17 मे 1782 च्या सालबाईच्या तहाने संपलं. नानांनी त्याची मान्यता मात्र हैदर गेल्यानंतरपर्यंत लांबवली.

कागद जपण्याच्या बाबतीत पुढे वाटा फुटल्या. त्यांच्या सेनापतीने आपल्या हयातीतच नकला करून घेतल्या. आपलं पेशवे दफ्तर 1818 नंतर इंग्रजांच्या ताब्यात गेलं, कारण कोणाचं इनाम खरं आणि कोणाचं खोटं हे त्यांना त्यातून पाहायचं होतं. संशोधकांना ते सहज उघडलं नाही. गोविंद सखाराम सरदेसाईंच्या संपादनाखाली निवडक कागदांचे 45 खंड निघाले ते 1930 ते 1934 मध्ये. पटवर्धनांच्या दफ्तराचं नशीब त्याआधी उजळलं, ते मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खऱ्यांमुळे. त्यांनी 1897 पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापायला घेतला आणि 1924 मध्ये जाईपर्यंत तुटपुंज्या पैशांत खंडामागून खंड काढले. इंग्रजांच्या मोहिमांची आपली बाजू आपल्याला इतकी तपशिलात कळते, यात त्या शिक्षकाचा वाटा फार मोठा आहे. त्याचं नाव आज कर्जतच्या एखाद्या वाचनालयाला असायला हरकत नव्हती.

मोठ्यांची दफ्तरं वाचली, पण ज्या मुलखात ही मोहीम घडली त्या मुलखातल्या घरांचं काय? खालापूर आणि कर्जत तालुक्यांत जुनी पाटील घराणी आहेत, कुलकर्ण्यांची, देशमुखांची, इनामदारांची, देवस्थानांच्या पुजाऱ्यांची घरं आहेत. माळ्यावर, देवघराच्या फडताळात, लाकडी पेटीत रुमालात बांधलेली मोडी पुडकी अजून निघतात. बहुतेक कागद सारावसुलीचे, वाटणीचे, कर्जाचे असतात. म्हणून लोक त्यांना बिनकामाचे समजतात. फौज गावातून गेली तेव्हा किती पेंढा गेला, कोणाचे बैल वेठीला धरले, कोणत्या सालची सूट मिळाली, हे अशाच कागदांत असतं आणि दुसरीकडे कुठेही नसतं. मोठी बांधकामं आली, जुनी घरं पाडली गेली, जमिनी विकल्या गेल्या, की ही पुडकी आधी रद्दीत जातात.

तेव्हा या दिवाळीत माळा झाडायला काढाल तेव्हा एवढं करा. रुमाल सापडला तर घाईने सोडू नका. कागद ओलसर असेल तर सावलीत, वाऱ्यावर ठेवा, उन्हात नको. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका आणि प्लास्टिकमध्ये बंद करून लॅमिनेशन तर मुळीच करू नका, त्याने कागद कायमचा जातो. मोबाइलवर प्रत्येक पानाचे पाठपोट फोटो घ्या. मग पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे किंवा सरकारच्या पुराभिलेखागाराकडे चौकशी करा. मूळ कागद घरात ठेवायचा असेल तर ठेवा, नक्कल तरी द्या. आणि घरात कोणी कॉलेजात जाणारं असेल तर त्याला मोडी शिकायला घाला. लिपीचे वर्ग ठिकठिकाणी चालतात, नेटाने बसलं तर काही महिन्यांत वाचता येऊ लागते. गॉडर्ड तुमच्या शिवारातून कसा गेला, हे तुमच्या घरातला कागद तुम्हालाच पहिल्यांदा वाचता आला पाहिजे.