मेणबत्ती लावा, मागणीही लिहा

दरवर्षी मे महिन्याच्या तिसऱ्या रविवारी जगभर एड्सने गेलेल्यांच्या आठवणीत मेणबत्त्या लावतात. ही प्रथा १९८३ साली अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात सुरू झाली. तेव्हा या आजारावर औषध नव्हते. रुग्ण स्वतःच रस्त्यावर उतरले, आणि 'आम्ही जगण्यासाठी लढतो आहोत' अशा अर्थाचा फलक त्यांनी पुढे धरला. म्हणजे पहिल्या दिवसापासून शोक आणि मागणी सोबतच चालली.

मागितल्याने मिळते. १ एप्रिल २००४ पासून आपल्या देशात एचआयव्हीची एआरटी औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागली. सुरुवातीच्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. २०२२ मध्ये औषधांचा तुटवडा पडला, तेव्हा रुग्णांनी दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या दारात कित्येक आठवडे धरणे धरले.

पण औषध फुकट असले तरी तिथवर पोहोचणे फुकट नाही. दिंडोशीत कुरार, आप्पापाडा, पिंपरीपाडा इथल्या बाईला रिक्षाभाडे लागते, त्या दिवसाचा रोज बुडतो. वर 'कोणी बघितले तर?' ही धास्ती. नोकरीत असताना मी अशा ताया पाहिल्या, ज्या जवळचे केंद्र सोडून मुद्दाम लांब जात आणि गोळ्या तांदळाच्या डब्यात लपवत.

गोळ्या वारंवार चुकल्या की विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. नियमित घेतल्या आणि तपासणीत विषाणू सापडेनासा झाला, तर शरीरसंबंधातूनही लागण होत नाही. गरोदरपणी वेळेत उपचार घेतले तर बाळाला लागण होण्याचा धोका ५ टक्क्यांच्या खाली येतो.

कायदाही आपल्या बाजूने आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारणे, कामावरून काढणे किंवा संमतीशिवाय कोणाचा आजार उघड करणे त्याने बेकायदा ठरवले.

म्हणून वस्तीत मेणबत्त्या लावाल, तेव्हा सोबत अर्ज लिहा. तपासणी संध्याकाळीही व्हावी. तब्येत स्थिर असलेल्यांना दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळाव्यात. समुपदेशन बंद दाराआड व्हावे. सह्या घ्या, महापालिकेच्या विभाग कार्यालयात आरोग्य अधिकाऱ्यांना द्या आणि पोच घ्यायला विसरू नका. महिन्याने विचारायला कोण जाणार, तेही त्याच रात्री ठरवा.

दोन पथ्ये पाळा. घरच्यांनी होकार दिल्याशिवाय कोणाचेही नाव घेऊ नका, फोटो काढू नका; आलेला प्रत्येक जण रुग्ण आहे असे समजू नका. आणि मेणबत्ती काचेच्या ग्लासात, मोकळ्या जागी लावा. मार्च २०२३ ची आप्पापाड्याची आग आपण विसरलेलो नाही.

शंका असेल तर १०९७ वर फोन करा. पैसे लागत नाहीत, नाव गुप्त राहते.